बूट घालू द्यावेत की घालून द्यावेत?

झुळूक
चिरंजीव पावणेतीन वर्षांचे आहेत. गेले दीड-दोन महिने घरात एकच घोषणा चालू आहे: "मीच!" दार मीच उघडणार, दिवा मीच लावणार, नळ मीच बंद करणार. (नळ बंद करण्यात तसा रस नाही, उघडण्यात आहे, पण ते असो.)

यातलं बाकी सगळं चालवून घेते. प्रश्न बुटांचा आहे. सकाळी निघायच्या वेळी हा माणूस दाराशी फतकल मारून बसतो. डावा बूट उजव्या पायात. बोटं आत जातात, टाच बाहेर राहते, बुटाची जीभ दुमडून आत जाते आणि याची स्वतःची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते. मग तो बूट काढायचा, उलटा करून आत काय आहे ते बघायचं, परत घालायचा. तोच, त्याच चुकीच्या पायात. मग वेल्क्रोची पट्टी. चर्र उघडली, लावली, चर्र उघडली. पट्टीचा आवाज आवडतो म्हणून दहा वेळा. काल मी घड्याळ लावून बघितलं, दोन बुटांना १९ मिनिटं. मधे मी फक्त बोट लावलं तर दोन्ही बूट भिरकावून दिले आणि पहिल्यापासून सुरुवात.

मी रोज उशिरा पोचते. घालून दिले तर वाटभर रडारड. घालू दिले तर मला रडू येतं. तुम्ही काय करता किंवा केलंत?

तिरकस
उलटे तर उलटे. पाय त्याचे, बूट त्याचे, टोचतंय तुम्हाला? (हलके घ्या.)

पाऊलवाट
झुळूक, अगदी अगदी! आमच्याकडे बूट नव्हते, लिफ्टचं बटण होतं. कन्या तेव्हा अडीचची. एकदा घाईत मीच बटण दाबलं. तिने जो सूर लावला की वरच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघायला आल्या. "परत दाब ना, राणी" म्हटलं, तर नाही, ते आता "वापरलेलं" बटण होतं. शेवटी लिफ्ट खाली जाऊ दिली, परत वर बोलावली, दार बंद होऊ दिलं, मग तिने दाबलं. तोवर खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दोनदा आमच्याबरोबर वर-खाली होऊन आले. बिचारे काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ते जिन्याने जाताना दिसायचे.

आता ती सहा वर्षांची आहे. बटण दाबायला सांगितलं तर म्हणते, "तूच दाब, मी दमलेय."

दोनदोन
जुळ्यांचा बाबा हजर आहे. वरचं सगळं गुणिले दोन करा.

त्यातही एकाला "मीच" हवं असतं आणि दुसऱ्याला "बाबाच". दार कोणी लावायचं यावर तर तह झालेला आहे: एक लावतो, मी उघडतो, दुसरा लावतो. कुलूप लावायचं काम मी स्वतःकडे ठेवलंय. ते त्यांना अजून कळलेलं नाही, कृपया कोणी सांगू नका.

रोखठोक
मला हा सगळा प्रकार कळत नाही. पावणेतीन वर्षांचं मूल घराचं वेळापत्रक ठरवतं आणि मोठी माणसं इथे चर्चेचे धागे काढतात? आम्ही चार भावंडं होतो. आमच्या आईने कधी "बाळा, बूट घालू का?" असं विचारल्याचं आठवत नाही. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी गप्प घालून घेईल. मुलांना "नाही" ऐकायची सवय नसली की पुढे अवघड जातं. कटू आहे, पण खरं आहे.

मोरपंखी
चला, आता धागा शंभरी गाठणार. बसते एका कोपऱ्यात.

निवांतआजी
रोखठोक, तुमच्या आईने विचारलं नाही, कारण चार पोरांत तुमचे बूट तुमचे तुम्हीच घालत असणार. तिला वेळ कुठला? बहुधा उलटेच घालून गेला असाल आणि कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

मी सांगते माझं. लेकीच्या वेळी मी नोकरी करत होते आणि तिला अक्षरशः कपड्यात कोंबून निघत असे. हात बाहीत घाल म्हणायला फुरसत नव्हती, मीच आत हात घालून तिचा पंजा बाहेर ओढायची. आता नातवाच्या वेळी मी अर्धा तास त्याच्यासमोर मांडी घालून बसते आणि तो एक मोजा घालतो. लेक म्हणते, "आई, माझ्या वेळी कुठे होती ही माया?" माया तीच होती गं, घड्याळ वेगळं होतं. तेव्हा आज मी शहाणी दिसत असले तर त्यात माझं काही कर्तृत्व नाही, मी सेवानिवृत्त आहे एवढंच.

खडूफळा
मी १४ वर्षं तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवते. एका खोलीत वीस मुलं, म्हणजे रोज चाळीस बूट. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मुलं आधी काढायला शिकतात, मग घालायला. वर्षाचं मूलसुद्धा मोजा ओढून फेकतं. घालणं हे फार पुढचं काम आहे, कारण त्यात दोन हातांनी दोन वेगळी कामं करायची असतात: एका हाताने बूट धरायचा, दुसऱ्याने जीभ वर ओढायची आणि त्याच वेळी पाय पुढे ढकलायचा. स्वतः एकदा डाव्या हाताने करून बघा. साधारण तीनच्या आसपास बूट पायात जातो, पण डावा-उजवा कळायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं. नाडीची गाठ तर पाच-सहा वर्षांशिवाय अपेक्षूच नका. म्हणजे झुळूक, तुमचा मुलगा मागे नाहीये, उलट वेळेच्या थोडा आधीच हट्टाला पेटलाय.

दुसरं, शिकवताना शेवटाकडून सुरुवात करा. बूट तुम्ही घालायचा, टाच तुम्ही बसवायची, पट्टी मात्र त्याची. काम पूर्ण झाल्याचं समाधान पट्टी लावणाऱ्याला मिळतं, त्यामुळे तो सहसा तक्रार करत नाही. चार-आठ दिवसांनी टाच बसवणंही त्याच्याकडे द्या, मग जीभ ओढणं. पहिली पायरी सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, सुरुवात त्याला करू देतो आणि शेवटी वैतागून हिसकावून घेतो. म्हणजे अवघड भाग त्याचा, आनंदाचा भाग आपला.

तिसरं, एखादं मोठं स्टिकर मधोमध कापा. डावा अर्धा भाग डाव्या बुटात आतून टाचेपाशी चिकटवा, उजवा उजव्या बुटात. दोन्ही बूट शेजारी ठेवून चित्र जुळलं की डावा-उजवा बरोबर. आमच्याकडे निम्मी मुलं याच युक्तीवर चालतात.

जॅकेटसाठीही एक आहे. समोरून उघडं असलेलं जॅकेट जमिनीवर आतली बाजू वर करून पसरायचं, गळा मुलाच्या पायाशी. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि सगळं डोक्यावरून मागे उडवायचं. पहिल्यांदा जमतं तेव्हा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे सगळं माझं संशोधन नव्हे. मारिया मॉन्टेसरी नावाची डॉक्टर बाई १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांची शाळा काढून बसली होती. तिने मुलांना बटणं लावायच्या, गाठी मारायच्या लाकडी चौकटीच करून दिल्या होत्या. कपडे अंगात नसताना गाठ शिकणं सोपं जातं, इतका साधा विचार.

पाऊलवाट
खडूफळा, जॅकेटची युक्ती आत्ता करून बघितली. कन्येने उलटी घातली, टोपी कमरेशी आली. गळा पायाशी हवा होता, मी डोक्याच्या बाजूला ठेवला. चूक आईची, हसू मुलीला.

झुळूक
सगळ्यांचे आभार. खडूफळा, पट्टीचा प्रयोग आज केला. "बूट आई घालणार, पट्टी तू लाव" म्हटलं. एक मिनिट विचार केला आणि म्हणाला, "बरं. मी लावते." ४ मिनिटांत घराबाहेर! उद्याचं माहीत नाही.

रोखठोक, "नाही" त्याला पुष्कळ वेळा ऐकावं लागतं हो. रस्त्यावर हात सोडायचा नाही म्हणजे नाही, तिथे रडला तरी चालतं. पण बूट घालणं चांगली गोष्ट आहे, तिला "नाही" काय म्हणून म्हणू?

मोरपंखी
थांबा थांबा. "मी लावते"? मुलगा ना?

झुळूक
हो, मुलगाच. "मी येते", "मी खाते", "मी पडले". दिवसभर माझंच ऐकतो. सासूबाई रोज दुरुस्त करतात: "येतो म्हण, येतो." तो म्हणतो, "आजी तू येतो?"

कानोसा
अवांतर आहे, पण राहवत नाही. भाषाविज्ञान हा माझा विषय, आणि घरी साडेतीन वर्षांची मुलगी आहे. ती दिवसातला बराच वेळ माझ्याबरोबर असते, त्यामुळे आमच्याकडे उलट: "बाबा, मी आलो!" यात काळजीचं काही नाही. मराठीत "मी" म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापदाला चिकटतं. मूल ज्याच्याकडून "मी" जास्त ऐकतं त्याचं रूप उचलतं. हळूहळू आपोआप सुटतं, दुरुस्त करून फारसा फरक पडत नाही. आजींना सांगा की सरळ बोलत राहायचं, बस.

याहून गमतीचं म्हणजे "करला" आणि "जाला". मूल आधी "केला", "गेला" असं व्यवस्थित म्हणत असतं. मग एक दिवस "बाबा ऑफिसला जाला" सुरू होतं आणि आई-बापांना वाटतं, बिघडलं. खरं तर त्याला नियम सापडलेला असतो: बस-बसला, पळ-पळला, हस-हसला, तर जा-जाला, कर-करला, घे-घेला! आधीचं "गेला" पाठ केलेलं होतं, आताचं "जाला" त्याने स्वतः बनवलंय. जीन बर्को या संशोधिकेने १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव "वग" असं सांगितलं. मग दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय आहेत? मुलांनी त्या शब्दाचं अनेकवचन बिनचूक केलं. जगात कोणीच तो शब्द बोललेलं नव्हतं, तेव्हा ऐकून पाठ केला असण्याचा प्रश्नच नाही.

दोनदोन
आमचा एक अजून "तुला कडेवर घे" म्हणतो. म्हणजे मला घे. आम्ही त्याला "तुला" म्हणतो, म्हणून त्याचं नावच "तुला" आहे असा त्याचा समज. तर्क म्हणून काही चूक नाही.

पाऊलवाट
आणि "उद्या"! कन्या तीनची असताना: "आई, उद्या आपण समुद्र बघितला ना?" जे आज नाही ते सगळं उद्या.

तिरकस
हसू नका. आपण मोठी माणसं गेलेल्यालाही "परवा" म्हणतो आणि येणाऱ्यालाही "परवा"च म्हणतो. पोरांनी आपल्याकडून काय शिकावं?

कानोसा
तिरकस, हा मुद्दा चोरून वर्गात वापरणार आहे.

कंदील
बुटांवरून व्याकरणावर गेलेली गाडी परत दाराशी आणतो. माझा अनुभव असा की सकाळचे बूट आदल्या रात्री घातले जातात. म्हणजे, मूल रात्री उशिरा झोपलं की सकाळी तेच बूट दुप्पट अवघड होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात १ ते २ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून २४ तासांत ११ ते १४ तास आणि ३-४ वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे. आम्ही मोजलं तर मुलगी जेमतेम साडेनऊ तास झोपत होती. कारण मुलगी नव्हती, आम्ही होतो. आम्हाला घरी यायला उशीर, मग तिच्याशी खेळायची हौस. झोपायची वेळ रोज दहा मिनिटं अलीकडे आणत आणत तासभर आधी आणली. सकाळ सुधारली. संध्याकाळचं खेळणं मात्र कमी झालं, त्याचं वाईट वाटतं.

त्याच सूचनांत २ ते ४ वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून लहानांना नकोच, असंही आहे. हे लिहिताना शेजारी मोबाइलवर कार्टून चालू आहे, हेही कबूल करतो.

तिरकस
आई-बापांनी किती तास झोपावं याबद्दल संघटनेचं काही म्हणणं?

दोनदोन
लिहायला बसले असतील, तेवढ्यात कोणीतरी "पाणी!" म्हणून हाक मारली असेल.

एकखांबी
बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

मी एकटीच मुलाला वाढवते. "त्याच्या गतीने जाऊ द्या" हे वाचायला छान वाटतं. माझ्याकडे सकाळी ७:४० ला घर सोडायचं असतं, आठला पाळणाघराचं दार उघडतं, साडेआठनंतर ते मूल घेत नाहीत. एकदा चार मिनिटं उशीर झाला तर बाहेरच उभं केलं. त्या दिवशी माझी रजा गेली. तेव्हा १९ मिनिटं सोडा, माझ्याकडे १९ श्वाससुद्धा नसतात.

म्हणून मी सकाळी सरळ बूट पिशवीत टाकते, पोर कडेवर घेते आणि निघते. रडतो. लिफ्टमध्ये रडतो, खाली उतरलो की थांबतो. पहिले काही दिवस मला फार अपराधी वाटायचं. मग एक ठरवलं. संध्याकाळी घरी आल्यावर, हातपाय धुऊन झाले की आम्ही कुठेही न जाता बूट घालतो. घरातल्या घरात. माझेही बूट तो घालून बघतो, त्याचे मी हातात घालून जमिनीवर चालवते. तिथे घड्याळ नसतं. त्याला हवं तेवढं उलटं-सुलटं, हवं तेवढं चर्र. महिनाभरात टाच बसवायला लागला.

धाग्याच्या नावाला माझं उत्तर: सकाळी घालून देते, संध्याकाळी घालू देते. सकाळचं रडणं पूर्ण गेलेलं नाही. पण "संध्याकाळी तूच" म्हटलं की आता मान हलवतो.

खडूफळा
एकखांबी, माझ्या भल्यामोठ्या प्रतिसादापेक्षा हे उपयोगी आहे. सराव घाईच्या वेळी होत नाही, हे मी लिहायलाच हवं होतं.

मोरपंखी
+१. "माझेही बूट तो घालून बघतो" इथे थांबले जरा.

रोखठोक
वर मी जरा तावातावाने लिहिलं. मुलगा आता १७ वर्षांचा आहे. तो लहानपणी बूट कसे घालायचा ते आठवायचा प्रयत्न केला, काही आठवलं नाही. म्हणून बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तू कुठे असायचास त्या वेळी?"

असो. मत बदललेलं नाही, पण ते मांडायचा हक्क थोडा कमी झालाय.

निवांतआजी
रोखठोक, सतरा वर्षांच्या मुलाचेही बूट असतात. कुठेतरी दारात आडवेतिडवे पडलेले असतील, बघा.

रोखठोक
आजी, पडलेत. आत्ताच अडखळलो.

झुळूक
आठ दिवसांनी अहवाल द्यायला आले आहे.

पट्टीचा प्रयोग तीन दिवस चालला, चौथ्या दिवशी "सगळं मीच". एकखांबी, मग तुमचं सुरू केलं. संध्याकाळचा बुटांचा खेळ त्याला प्रचंड आवडलाय. मला फेऱ्या मारायला लावतो, माझ्या बुटांच्या नाड्या ओढून सोडवतो. टाच अजून बसत नाही, पण जीभ वर ओढायला शिकला. (बुटाची. स्वतःची तशीच बाहेर असते.)

काल रात्री खडूफळांची स्टिकरची युक्तीही केली. हत्तीचं मोठं स्टिकर आणलं, मधोमध कापलं, सोंड डाव्या बुटात, शेपूट उजव्या. सकाळी त्याला बूट शेजारी ठेवून दाखवले. "हत्ती!" म्हणून टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटं नुसता हत्ती बघितला. मग मी म्हटलं, आता घाल. त्याने डावा बूट उचलला, बरोबर डाव्या पायाकडे नेला, आणि थांबला. बूट परत खाली ठेवला. ओठ थरथरायला लागले.

"नको. हत्ती तुटते."

खूप समजावलं. आत हत्ती आहेच, तुझ्या पायाखाली झोपलाय, वगैरे. पटलं नाही. शेवटी मीच सुचवलं की दोन्ही बूट घालायचे पण पाय जोडलेलेच ठेवायचे, म्हणजे हत्ती अख्खा राहील. हे पटलं. दोन्ही बूट बरोबर पायात गेले, पहिल्यांदाच, त्याच्या हाताने, टाच मी बसवली. आणि मग आम्ही दारापासून लिफ्टपर्यंत, आणि लिफ्टपासून फाटकापर्यंत, पाय जोडून उड्या मारत गेलो. त्याचा हत्ती तुटू नये म्हणून, आणि माझ्या बुटात हत्ती नसला तरी मीही.

तिरकस
म्हणजे उशीर झालाच.

झुळूक
२३ मिनिटं.

दोनदोन
स्टिकर कुठलं ते नका सांगू. आमच्याकडे दोन हत्ती होतील.